बदलापूरची न बदललेली घोडी

*धबधब्याच्या नावाखाली बदलापूरची लोकल आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पकडलीय. या वेळी त्याच लोकलनं एका तबेल्यात जाऊ या. तिथं एका म्हातारीचं जेवण भिजत घातलंय...*

बदलापूर म्हटलं की डोक्यात काय येतं? दादरच्या प्लॅटफॉर्मवरची ती अनाउन्समेण्ट, दाराला लटकलेली गर्दी, पावसाळ्यातलं कोंडेश्वर, बारवी धरण आणि 'वनबीएचके बजेटमध्ये' असं ओरडणारी होर्डिंग्ज. सिनेमावाल्या मंडळींना २०१५चा हिंदी 'बदलापूर' आठवेल आणि त्यातला 'बदला' म्हणजे सूडच, अशी त्यांची पक्की समजूत असेल. पण गावात कुणाही जुन्या माणसाला विचारा. तो सांगेल, अहो सूडबिड काही नाही, इथं घोडे बदलायचे! शिवाजी महाराजांचं सैन्य या वाटेनं जायचं, दमलेले घोडे इथं सोडायचं आणि ताजे घेऊन पुढं निघायचं. म्हणून बदलापूर.

आख्यायिकाच आहे ही. पण मस्त आहे ना? एक अख्खं गाव, ज्याचं काम काय, तर थकलेलं घ्यायचं आणि ताजं द्यायचं. मग १८५६ साली कल्याणच्या पुढं खोपोलीकडे रेल्वे धावायला लागली आणि घोडे बदलायची गरजच संपली. आता इथून रोज सकाळी थकलेली माणसं निघतात आणि रात्री आणखी थकून परततात. बदली काही होत नाही.

याच बदलापूरच्या पश्चिमेला, बारवीच्या रस्त्याला, एक तबेला आहे. नाव सांगत नाही, कारण मालकांना रविवारची गर्दी नकोय. तिथं एक घोडी राहते. वय चोवीस. माणसाच्या हिशेबात सत्तरी ओलांडलेली आजीच म्हणा. तिच्यासाठी दिवसातून पाच वेळा गवत भिजवलं जातं. ते कसं भिजवतात, हे बघायला मी मुद्दाम गेलो. 'गवत भिजवण्यात बघण्यासारखं काय असतं?' असं वाटत असेल, तर पुढं वाचा.

घोड्यांचं पीजी

आधी ही भानगड समजून घेऊ. घोडा पाळायचा म्हणजे वाडा, पागा, जहागीर पाहिजे, असं आपल्याला वाटतं. मुळीच नाही. शहराच्या कडेला, कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात, असे तबेले असतात जिथं दुसऱ्यांचे घोडे महिन्याच्या भाड्यानं ठेवून घेतात. राहणं, खाणं, खरारा, फेरफटका सगळं त्यांचं. मालक रविवारी येणार, दोन तास रपेट मारणार, फोटो काढणार आणि संध्याकाळच्या लोकलनं घरी. थोडक्यात, घोड्यांचं पेइंग गेस्ट अकोमोडेशन!

आमच्या या आजीबाईंची मालकीण माझी ऑफिसातली मैत्रीण. अंबरनाथ पूर्वेला राहते, नवऱ्याबरोबर फ्लॅटचे हप्ते फेडते, रोज बीकेसीला जाते-येते. घोडी तिनं शोधायला जाऊन घेतलेली नाही. ही घोडी उल्हासनगरात वरातीला उभी राहायची. ज्यांनी उल्हासनगरची लग्नं बघितलीत त्यांना सांगायला नको. झगमगता झूल, कपाळाला मणी, पुढं बॅण्ड, मागं जनरेटरची गाडी आणि मध्ये घोडी, कान पाडून, मुकाट. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. गावाच्या भागांना अजूनही कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात. रिकाम्या बराकींतून व्यापार उभा करणाऱ्या या गावाला लग्न धूमधडाक्यात करायची हौस असली तर नवल काय!

तर अशाच एका वरातीत मैत्रिणीनं ही घोडी बघितली. पुढचा पाय उचलून धरलेला आणि डोळे मिटलेले. घोडीवाला म्हणाला, आता हिचं काही खरं नाही, सीझन संपला की काढून टाकणार. पुढचं काय विचारता? दोन महिन्यांनी घोडी बदलापूरला आली. आता मैत्रीण तबेल्याला दरमहा जेवढे पैसे भरते तेवढ्यात अंबरनाथला आणखी एक छोटं घर भाड्यानं मिळेल. ऑफिसात सगळे तिला वेडी म्हणतात. समोर नाही, पॅण्ट्रीत.

दाढा संपतात तेव्हा

तबेल्याचे मोतद्दार मामा पन्नाशीचे आहेत. बोलणं कमी, बघणं जास्त. मी पोचलो तेव्हा ते घोडीच्या पायाशी वाकून काहीतरी वेचत होते. हातात दाखवलं तर गवताची ओली वळकटी, बोटाएवढी, अर्धवट चावून टाकलेली.

''ह्ये बघा साहेब. चावाया जमत न्हाई म्हून टाकलं. आपली आजी भाकरीचा कडा काढून ठेवती ना, तसं.''

घोड्याच्या दाढांची गंमत अशी की त्या हिरडीच्या आत खोलवर गेलेल्या असतात आणि झिजतील तशा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतात. कापसाच्या वातीसारख्या. पण वात केव्हातरी संपतेच. विशी ओलांडली की दाढा गुळगुळीत होतात, काही पडतात. मग लांब काडीचं वाळकं गवत दळलं जात नाही. घोडं चघळतं, लोळा करतं आणि टाकून देतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे तसंच गिळतं.

आणि घोड्याला सगळं दळूनच पोटात पाठवावं लागतं. गायीसारखं मागाहून रवंथ करायची सोय त्याला नाही. त्याला उलटीही होत नाही, म्हणजे चुकीचं काही आत गेलं तर परतीचा रस्ता बंद. तोंडात लाळ सुटते ती फक्त चावताना. जठर तर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, एवढ्या मोठ्या अंगाला अगदी टिफिनचा डबा, आणि त्यात आम्ल मात्र चोवीस तास झिरपत असतं. म्हणून घोड्याला थोडं-थोडं, सारखं खायला लागतं. आपली दोन वेळच्या जेवणाची पद्धत त्याला मानवत नाही.

मग म्हाताऱ्या घोड्याला जगवायचं कसं? गवत बारीक कुट्टी करून आणि भिजवून. वाटीतला मऊ भात आजीला देतो ना, अगदी तसं.

एक पाणी, तीन पेशण्ट

मला वाटलं होतं, भिजवणं म्हणजे काय, टाकलं पाण्यात! मामांनी मला तीन घमेली दाखवली. लाल, निळं आणि पिवळं. तीन घोड्यांची तीन.

निळं घमेलं एका तरुण घोड्याचं. त्याला धुळीचा त्रास. वाळक्या गवतातली धूळ आणि बुरशीचे कण छातीत गेले की तो खोकत सुटतो, अगदी दमेकरी माणसासारखा. त्याचं गवत पंधरा-वीस मिनिटं बुडवून काढतात. धूळ ओली होऊन काडीला चिकटते, नाकात जात नाही. एवढंच काम, एवढाच वेळ.

लाल घमेलं एका गुबगुबीत तट्टूचं. याचं दुखणं श्रीमंतीचं. अंगात चरबी, गवतातली साखरही सोसत नाही, खुरांच्या आत दाह होतो. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात आणि तो एकदा का बळावला की घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं. याचं गवत जास्त वेळ भिजतं, म्हणजे साखर पाण्यात उतरते, आणि ते पाणी फेकायचं. चहाच्या रंगाचं होतं ते पाणी. किती साखर जाते ते मात्र गवतागवतावर ठरतं, म्हणून डॉक्टर नुसत्या भिजवण्यावर विसंबत नाहीत, वजनकाट्यालाही धरून असतात. शिवाय साखरेबरोबर क्षारही वाहून जातात, ते वेगळे द्यावे लागतात.

पिवळं आपल्या आजीबाईंचं. ती आधीच हडकुळी, तिला साखर घालवून कसं चालेल? तिची कुट्टी थोडाच वेळ भिजते. तिच्या जेवणाचा मोठा भाग म्हणजे लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या, आपण लुसर्न म्हणतो त्याच्या. या गोळ्या दुप्पट-तिप्पट पाण्यात टाकायच्या आणि खिरीसारखा लगदा होईस्तोवर थांबायचं. हे पाणी मात्र फेकायचं नाही, ते आतच मुरतं. उन्हाळ्यात घोडीच्या पोटात तेवढंच जास्तीचं पाणीही जातं.

म्हणजे बघा, क्रिया एकच, पण कारणं तीन, वेळा तीन. तट्टूचं घमेलं आजीला गेलं तर आजी आणखी वाळणार आणि आजीचं तट्टूला गेलं तर तट्टूचे पाय जाणार. स्वतःच्या अंगणात एकच घोडा असेल तर एवढा प्रश्न नाही. पीजीत असतो. म्हणून रंग. म्हणून भिंतीवर खडूनं लिहिलेला तक्ता. म्हणून मामांचा एकच नियम, दुसऱ्याच्या घमेल्याला हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना.

आणखी एक बारकी गोष्ट. वजन भिजवायच्या आधी करायचं. खुंटीला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला मामा कोरडं गवत लावतात. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. आजीचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे साधारण पाच ते सात किलो. भिजल्यावर घमेलं भरलेलं आणि जड दिसतं, माणूस फसतो, 'अरे, किती खाल्लं हिनं!' आणि खाल्लेलं असतं पाणी.

चाळीस डिग्रीतला स्वयंपाक

इंग्लंड-अमेरिकेत घोडे पाळणारी मंडळी रात्री गवत भिजवतात आणि सकाळी घालतात. थंडीत तिकडे खपून जातं. आपल्याकडे? एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी गाठतो. समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत त्याची हवा गेलेली असते. अशा उकाड्यात रात्रीची आमटी सकाळी बाहेर राहिली तर काय होतं, हे कुठल्याही आईला विचारा. भिजलेल्या गवताचं तेच होतं. ओलावा, साखर आणि ऊब मिळाली की जंतूंची पार्टी सुरू. आंबलेलं खाल्लं की घोड्याचं पोट बिघडतं आणि पोटशूळ, ज्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात, त्यात घोडं तासांत जाऊ शकतं.

म्हणून इथं रात्रभर काही भिजत नाही. उन्हाळ्यात गवत सावलीत, गार पाण्यात, लागेल तेवढंच. घमेलं समोर ठेवलं की दोन-अडीच तासांत उरलेलं उचलायचं. 'वाया जातंय' म्हणून पुढच्या घासात मिसळायचं नाही. दर वेळी घमेलं काथ्यानं घासून, उन्हात पालथं. आणि नाक हे सगळ्यात मोठं यंत्र. मामांनी मला कालचं मुद्दाम ठेवलेलं एक मूठभर गवत हुंगायला दिलं. लोणच्याच्या बरणीचा तळ! त्यानंतर ताजं दिलं. ओल्या शेताचा वास. फरक कळायला कुठलाही कोर्स नको.

घमेलं रबराचं, कडी नसलेलं आणि जमिनीवर. कडीत खूर किंवा म्होरकीचा पट्टा अडकतो. आणि मान खाली घालून खाणं ही घोड्याची मूळची रीत आहे, नाकातला कचरा आपोआप बाहेर येतो. जाळीत गवत टांगलं तर जाळी इतकी उंच हवी की रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकता कामा नये.

पाणी कुठलं? पिण्याचं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या तीन गावांत 'पाणी' हा सोपा शब्द नाही. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही बघितलं असेल. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडात अशी नक्षी की मान दुखेपर्यंत बघत राहावं. ते वालधुनीच्या काठावर आहे. तीच वालधुनी पुढं उल्हासनगरातून जाताना कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी घेऊन वाहते. पण काठावरचं गवत मात्र बारा महिने हिरवंगार! स्वस्तही मिळतं. मामा ते तबेल्यात येऊ देत नाहीत. ''हिरवं दिसतंय म्हून चांगलं न्हाई, साहेब. त्येनं काय पिलंय ते बघायचं.''

हेच हत्ती गवताचं. नेपिअर म्हणतात ते. गायीला चालतं, पण घोड्याला नुसतं तेच दिलं तर त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं पोकळ होत जातात. नुसता कोंडा खूप दिला तरी फॉस्फरस वाढून परिणाम तोच. आणि उल्हासनगरच्या पशुखाद्याच्या दुकानात गायीची, कोंबडीची, घोड्याची पोती शेजारी-शेजारी रचलेली असतात, तिथं लेबल वाचून घ्यायचं. कोंबडीच्या आणि गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. त्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला विष. भिजवून, धुऊन, उकळून काही उपयोग नाही.

फोन आला तो दिवस

मैत्रिणीच्या फोनमध्ये एक वेगळाच अल्बम आहे. घोडीचे फोटो थोडे, रिकाम्या घमेल्याचे शेकडो. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक जेवणानंतर मामा फोटो टाकतात. ''घोडीचा फोटो काय कामाचा? ती रोज सारखीच दिसते. घमेलं बोलतं,'' मैत्रीण म्हणते. घमेलं चाटून पुसलेलं असेल तर ती मीटिंगमध्ये निवांत. तळाला थोडं उरलं तर दोन वेळा फोन. अर्धं उरलं तर त्या दिवशी तिच्या एक्सेल शीटमध्ये चुका ठरलेल्या.

गेल्या वर्षी एका मंगळवारी फोटो आला नाही. फोनच आला.

मामा गावी लग्नाला गेले होते. मदतीला ठेवलेल्या नव्या पोरानं गोळ्यांवर पाणी ओतलं आणि पाच मिनिटांत घमेलं पुढं ठेवलं. वरून ओलं, आत कोरडं. भुकेल्या म्हातारीनं भराभर गिळलं. त्या कोरड्या गोळ्या अन्ननलिकेत फुगल्या आणि बसल्या. मान ताणलेली, सारखा खोकला, दोन्ही नाकपुड्यांतून हिरवा फेस आणि खाल्लेलं बाहेर. याला 'चोक' म्हणतात. श्वासनलिका वेगळी असल्यानं घोडं गुदमरत नाही, श्वास चालू असतो, पण हे न कळणाऱ्या माणसाचा जीव जातो. पोरगं रडत होतं. शेजारचा कुणीतरी म्हणाला, तेल पाजा, सरकेल.

इथंच वाचली ती. मैत्रीण मुलुंडपर्यंत पोचलेली, उतरली, उलटी लोकल पकडली आणि भरल्या डब्यात फोनवर ओरडत राहिली, ''काही पाजू नका! तेल नको, पाणी नको, समोरचं सगळं उचल, मान खाली राहू दे, तिला फिरवू नको.'' वरून ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं असतं आणि न्यूमोनिया होऊन घोडी गेली असती. डॉक्टर दीड तासानं आले. गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून हळूहळू पाण्यानं अडथळा मोकळा केला. पुढं कित्येक दिवस पातळ लगदा, दिवसातून दोनदा ताप बघायचा.

ते पोरगं अजून तिथंच कामाला आहे. मामांनी त्याला काढलं नाही. आता गोळ्या तोच भिजवतो आणि प्रत्येक वेळी तळातली एक काढून बोटांत चिरडून बघतो. आत कण लागला, की घमेलं परत झाकून ठेवायचं. मी उभा असताना त्यानं दोनदा ठेवलं. घोडी खिंकाळत होती, जमिनीवर खूर आपटत होती, तिकडे त्यानं बघितलंही नाही. दया आली म्हणून लवकर द्यायचं नाही, हे त्याला कुणी भाषण देऊन शिकवलेलं नव्हतं.

पाऊस आला की

उन्हाळ्याचं एक, तर पावसाळ्याचं दुसरंच. डोंगरउतारावरचं गवत दिवाळीच्या आसपास कापतात, वाळवतात, गंज्या रचतात. घोड्यांची मुंबई होती तेव्हा, १८७४ साली तिथं घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या त्या जमान्यात, ठाणे जिल्ह्यातलं हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आजही तबेल्याचं वर्षभराचं गणित त्या एका कापणीवर उभं असतं. नोव्हेंबरात आणलेलं गवत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुरवायचं, आणि मध्ये चार महिने पाऊस.

आणि पाऊस म्हणजे इथं उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले, तीच नदी. म्हणून तबेल्यात गवत जमिनीवर नाही, फळ्यांच्या माच्यावर, भिंतीपासून हातभर लांब. जुलैमध्ये प्रत्येक भारा उघडून, मध्यात हात घालून बघतात. ऊब लागली, कोंदट वास आला, पांढरी भुकटी उडाली तर तो भारा बाहेर. 'भिजवून देऊ या, धुतलं जाईल' हा सगळ्यात मोठा गैरसमज. भिजवण्यानं धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही. सडलेल्या ओल्या चाऱ्यातून बोटुलिझमसुद्धा होतो आणि घोडं त्याला फार लवकर बळी पडतं.

'बदलून टाक ना!'

आता खरी गोष्ट. मागच्या दिवाळीत एक व्यापारी तबेल्यात आला होता. म्हणाला, मॅडम, म्हातारी मला द्या, वर थोडे पैसे घाला, जवान घोडी देतो. एकदम चॉकलेटी, पाच वर्षांची, तुम्ही रपेट मारा. या घोडीवर तर तुम्हाला बसताही येत नाही!

मुद्दा तसा बिनतोड. मैत्रीण गेल्या तीन वर्षांत तिच्यावर एकदाही बसलेली नाही. बसणारही नाही. रविवारी येते ती खरारा करायला, खूर साफ करायला, छातीभोवती टेप लावून वजनाचा अंदाज घ्यायला. ऑफिसातल्या एकानं तर हिशेबच करून दिला, 'रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेण्ट शून्य. बदलून टाक ना!' आपण नाही का, दोन वर्षांत फोन बदलतो, तीन वर्षांत कंपनी?

तिनं व्यापाऱ्याला चहा पाजला आणि 'नको' म्हणाली. का, ते विचारलं तर मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही निघालं नाही. ''अरे, दुसरीकडे गेली तर हिच्यापुढे कोरडं गवत टाकतील. बस्स.''

त्या एका वाक्यात सगळं आलं. म्हाताऱ्या घोड्याला मारायला क्रूरपणा लागत नाही, थोडी घाई पुरते. पाच मिनिटं कमी भिजवलेलं घमेलं, तीन तास जास्त उन्हात राहिलेलं गवत. गवत स्वस्त आहे, पाणी फुकट आहे, महाग आहे तो वेळ. आणि आपण सगळे, कल्याणपलीकडचे तर जास्तच, दिवसाचे तीन-चार तास लोकलला देऊन उरलेल्या वेळाची चिल्लर मोजणारे लोक! मैत्रीण तबेल्याला पैसे देते ते खरं तर मामांच्या वेळेचे. ती तिथं नसताना दुपारी दोन वाजता कुणीतरी गोळी बोटांत चिरडून बघतंय, याचे. घरी आई-वडिलांसाठी बाई ठेवून ऑफिसला जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

दुपारचे दोन वाजले, तेव्हा पोरानं पिवळं घमेलं ठेवलं. आजीबाईंनी आधी हुंगलं, वरचा ओठ हलवला आणि मग सावकाश, मिटल्या डोळ्यांनी खायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. मध्ये कुणी काही बोललं नाही. मैत्रिणीच्या फोनवर शेवटी फोटो गेला. घमेलं स्वच्छ.

जाणार असाल तर...

कसं जाल? मध्य रेल्वेची बदलापूर, कर्जत किंवा खोपोली लोकल. सीएसएमटीहून साधारण दीड तास. तबेल्याला जायचं तर आधी फोन करा, पश्चिमेला उतरून रिक्षा. पावसाळ्यात नदीचा अंदाज घेऊनच निघा.

वाटेत काय? उल्हासनगरला उतरून सकाळी दाल-पकवान. अंबरनाथचं शिवमंदिर, शक्यतो सकाळच्या उन्हात. घोडे बघायची हौस पुरली नसेल तर पुढं नेरळ आणि वर माथेरान, जिथं मोटारींना बंदी आणि घोड्यांचं राज्य आहे.

तबेल्यात हे पाळा

- बिस्किट, वडापाव, मूठभर चणे, काहीही विचारल्याशिवाय भरवू नका. 'एकच दिलं' असं म्हणणारे रविवारी चाळीस जण येतात.
- भिजत घातलेल्या घमेल्याला हात लावू नका, हलवू नका. ते कुणाचं तरी मोजून ठेवलेलं जेवण असतं.
- घोड्याच्या नाकातून हिरवं पाणी, ताणलेली मान, खोकला दिसला तर खाणं-पाणी दूर करा, मोतद्दाराला हाक मारा, डॉक्टर बोलवा. तोंडात काहीही ओतू नका.
- स्वतःचा घोडा ठेवायचा असेल तर भाडं विचारण्याआधी हे विचारा: गवत कुठं ठेवता? किती वेळ भिजवता? उरलेलं कधी उचलता? मुख्य माणूस सुट्टीवर गेला तर कोण बघतं? उत्तर झटकन आलं तर जागा बरी.
- चारा बदलायचा तर एकदम नाही, आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा.
- आणि सेल्फी? काढा की. फक्त जेवताना नको.